वॅडिंगची वरची बाजू कुठली आणि उभी दिशा कुठली?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीसाठी 60 बाय 90 इंचांचं क्विल्ट करताय. वर गडद निळे आणि पांढरे तुकडे जोडलेत, अस्तराला आईचं सुती नऊवारी लुगडं वापरणार आहात, आणि मधल्या थरासाठी सुया मारून दाबलेलं कापसाचं वॅडिंग आणलंय. एका व्हिडिओत सांगतात की खळग्यांची बाजू वर ठेवा, दुसऱ्यात नेमकं उलटं. कुणी म्हणतं उभं लावा, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. त्यात वॅडिंगचा पन्हा 60 इंचच असल्यामुळे ते पुरत नाहीये. आणि तुमच्याबरोबर शिकणाऱ्या मैत्रिणीनं तिचं क्विल्ट टाचूनही ठेवलंय, ते उलटं लागलं असेल तर उसवायचं का, हेही विचारलंय.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, वॅडिंगची सुलटी बाजू आणि उलटी बाजू, म्हणजे कुठलं तोंड वर. दुसरी, त्याची उभी आणि आडवी दिशा, म्हणजे कुठली बाजू क्विल्टच्या लांबीला. तोंड चुकलं तर कापडातून कापसाचे तंतू बाहेर येतात. दिशा चुकली तर क्विल्ट धुतल्यावर किंवा टांगल्यावर ओढलं जातं, वाकडं होतं. दोन्हींचा त्रास वेगळा, उपाय वेगळा. आणि दोन्हींचं उत्तर पाकिटापेक्षा तुमचा हात जास्त खात्रीनं देतो.

आधी तोंडाचं बघू. सुया मारून केलेलं वॅडिंग बनतं कसं हे कळलं की नियम पाठ करायची गरजच उरत नाही. कापूस पिंजून त्याचा जाड थर करतात आणि तो थर हजारो सुयांच्या पाटाखालून नेतात. या सुयांना अंगावर बारीक खाचा असतात. सुई आत शिरताना त्या खाचा वरचे तंतू पकडतात आणि खाली ढकलतात, सुई परत निघते तेव्हा तंतू तिथेच अडकून राहतात. असं वर-खाली होऊन सगळा थर एकमेकांत गुंततो. पुष्कळ प्रकारांत खाली एक अगदी पातळ जाळीही असते, म्हणजे थर फाटत नाही. ज्या तोंडातून सुया आत शिरल्या तिथे टोचल्यासारखे बारीक खळगे राहतात. ज्या तोंडातून त्या बाहेर पडल्या तिथे ढकललेल्या तंतूंचे बारीक दाणे, गोळे राहतात.

आता हे घरी बघायचं कसं? दिवसा, खिडकीजवळ. वॅडिंगचा हातभर तुकडा तिरप्या उजेडात धरा, समोरून पडणाऱ्या उजेडात खळगे दिसत नाहीत. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर तुकडा डोळ्यांच्या रेषेत आणून कडेनं बघा. एका तोंडावर टाचणीनं ओळीनं टोचल्यासारख्या खुणा दिसतील, दुसऱ्यावर बारीक कण. डोळ्यांना पटत नसेल तर हाताची पालथी बाजू फिरवा. तळहात कामानं राठ झालेला असतो, पालथ्या हाताला दाणे लगेच लागतात. सरकीचे काळे-तपकिरी ठिपके मात्र दोन्हीकडे असू शकतात, त्यावरून तोंड ठरवू नका.

खळग्यांची बाजू वर, म्हणजे तुमच्या निळ्या-पांढऱ्या कापडाकडे. दाण्यांची बाजू अस्तराकडे. कारण सरळ आहे. तंतूंची मोकळी टोकं आधीच दाण्यांच्या बाजूला गेलेली आहेत. तुमच्या मशीनची सुई वरून खाली जाते, म्हणजे कारखान्यातल्या सुईच्याच दिशेनं. ती तंतू जिथे जायचेत तिथेच ढकलते. वॅडिंग उलटं घातलं तर ती मोकळी टोकं वरच्या कापडाला लागून राहतात आणि गडद निळ्यावर पांढरी लव दिसायला लागते. पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन-चार धुण्यांनंतर दिसते, आणि मग चिमट्यानं ओढून काढायला गेलं की आणखी निघते. ओढू नका. कात्रीनं कापडालगत कापा.

तुमचं वरचं कापड पांढरं किंवा फिकं असतं तर मी तोंडाची एवढी चर्चा केली नसती. पांढऱ्या कापडावर पांढरे तंतू कुणाला दिसणार? गडद निळा आहे म्हणून हे महत्त्वाचं.

यात एक गोष्ट व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. हे सगळं मशीनच्या शिलाईला लागू आहे. हातानं धावदोरा घालणार असाल तर सुई खाली जाते तितक्याच वेळा वर येते. मग खळगे वर की दाणे वर, याचा फायदा बराच कमी होतो. हाताच्या कामात तंतू बाहेर येणं कापडाच्या विणीवर जास्त अवलंबून आहे. मलमल किंवा सैल विणीचं कापड आतले तंतू बाहेर येऊ देतं, घट्ट विणीचं पॉपलिन किंवा केंब्रिक धरून ठेवतं. हातानं टाके घालणाऱ्यानं वॅडिंगच्या तुकड्यावर दोन्ही तोंडांकडून पाच-सात टाके घालून बघावेत आणि ज्या बाजूनं सुई सहज जाते ती वर ठेवावी. जाळी असलेल्या वॅडिंगमध्ये हा फरक बोटांना स्पष्ट कळतो. जाळी सुईला अडवते. रोज संध्याकाळी तास-दोन तास हातानं शिवणाऱ्यानं मुळात बिनजाळीचं वॅडिंगच घ्यावं, मनगट वाचतं.

सुईचं टोक बोथट असेल तर तोंड बरोबर लावूनही तंतू निघतात. बोथट सुई छिद्र पाडत नाही, कापूस ओढत नेते. मशीनला नवीन सुई घाला, पातळ थराला 80/12, जाड थराला 90/14, आणि एवढं मोठं क्विल्ट असेल तर मध्ये एकदा बदला. सुई काही रुपयांची आणि क्विल्ट कित्येक महिन्यांचं.

पॉलिएस्टर वॅडिंगची गोष्ट वेगळी. आपल्याकडे फोम-रेक्झिनच्या दुकानात मीटरवर मिळतं ते बहुतेक हेच, 100, 150, 200 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असं सांगून कापून देतात. त्यातलं बरंचसं सुया मारून केलेलं नसतं, डिंकासारखा चिकट पदार्थ फवारून किंवा उष्णतेनं चिकटवलेलं असतं. त्यात खळगे शोधत बसू नका. त्याची एक बाजू कधीकधी जरा गुळगुळीत, चकचकीत लागते आणि दुसरी जास्त केसाळ. गुळगुळीत बाजू गडद कापडाकडे ठेवा. दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या तर सोडून द्या, तिथे तोंडाचा प्रश्नच नाही. आपल्या मुंबईच्या हवेला 100 ते 150 जीएसएम पुरतं. एसी लावून झोपणाऱ्या घरातही 200 ची गरज मला कधी वाटलेली नाही.

आता दिशा. या बाबतीत मी जास्त आग्रही आहे, कारण तोंड चुकलेलं क्विल्ट वापरता येतं, दिशा चुकलेलं क्विल्ट भिंतीवर लावलं की झोळ पडतो आणि तो जात नाही.

गुंडाळीवरून आलेल्या वॅडिंगला दोन दिशा असतात: गुंडाळी उलगडते ती लांबीची आणि पन्ह्याची आडवी. सहसा लांबीच्या दिशेला ते कमी ताणतं आणि पन्ह्याच्या दिशेला जास्त. तयार होताना ते लांबीच्या दिशेनं ओढत नेलेलं असतं, त्यामुळे त्या दिशेचा ढिलेपणा आधीच निघून गेलेला असतो. पण हे सहसा. कारखान्यात थर कसे रचले यावर ते बदलतं, म्हणून गुंडाळीवर विश्वास ठेवू नका. दोन्ही हातांत साधारण सहा इंचांवर वॅडिंग धरा आणि हलकेच ओढा. फाडायचं नाही, फक्त किती पुढे येतं ते बघायचं. मग 90 अंशांत फिरवा आणि तितक्याच अंतरावर धरून तितकाच जोर लावा. एका दिशेला ते हातात घट्ट राहतं, दुसरीकडे सरकतं, पातळ होतं. घट्ट दिशेला शिंप्याच्या खडूनं बाण काढा. प्रत्येक तुकड्यावर, उरलेल्या कापट्यांवरही. वॅडिंगची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की कापडासारखा त्याला काठ नसतो. एकदा कापलं की उभं कुठलं, आडवं कुठलं, कळायला मार्ग नाही. दुकानदारानं कापायच्या आधीच गुंडाळी कुठल्या बाजूनं उलगडली ते बघून ठेवा.

घट्ट दिशा क्विल्टच्या लांबीला, म्हणजे तुमच्या 90 इंचांच्या बाजूला लावायची. क्विल्टचं सगळं ओझं त्याच दिशेनं येतं. माणूस पांघरूण पायाकडून डोक्याकडे ओढतो, दोरीवर घालतो, कधी भिंतीवर टांगतो. आडव्या दिशेला थोडं ताणणारं असलं तर अंगाभोवती पांघरूण छान बसतं. भिंतीवर लावायचं काम असेल तर हा नियम आणखी कडक: घट्ट दिशा उभी, जराही तडजोड नाही. स्वतःच्याच वजनानं सुती काम खाली ओढलं जातं, विशेषतः पावसाळ्यात हवेतली ओल धरून ते जड होतं तेव्हा.

बऱ्याच ठिकाणी असंही सांगतात की वॅडिंगची घट्ट दिशा अस्तराच्या उभ्या धाग्याबरोबर जुळवा. तत्त्व बरोबर आहे. विणलेलं सुती कापड धुतल्यावर सहसा उभ्या धाग्याच्या दिशेनं जास्त आकसतं. अस्तर एका दिशेनं आणि वॅडिंग दुसऱ्या दिशेनं आकसलं तर मधले थर एकमेकांशी भांडतात, सुरकुत्या एकाच अंगाला पडतात. पण तुमचं अस्तर जुनं लुगडं आहे. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं आता कुठलं आकसणार? त्यामुळे लुगड्याच्या बाबतीत आकसण्याचा हिशोब सोडा आणि ताणाचा हिशोब करा.

लुगड्यात उभा धागा लांबीच्या दिशेनं जातो, काठाला समांतर. रुंदीच्या दिशेनं जुनं लुगडं सैल झालेलं असतं, हातानं ओढून बघा. तुमच्याकडे आठ मीटरच्या आसपास लांबी आहे, म्हणजे 98 इंचांचे दोन पट्टे सहज निघतात. ते शेजारी शेजारी जोडा, उभा धागा क्विल्टच्या लांबीला. एक अख्खा पट्टा मध्ये आणि दुसऱ्याचे दोन भाग दोन्ही कडांना लावलेत तर जोड मधोमध येत नाही, आणि मधोमध घडी घालून ठेवल्यावर ती जागा झिजत नाही. अस्तर कमी पडू लागल्यावर आडवा पट्टा लावून भागवायचा मोह होतो, तो टाळा. काठ मात्र आधी कापून बाजूला काढा. काठाची वीण जाड आणि घट्ट असते, ती अंगापेक्षा वेगळी वागते, आणि तीन थरांखाली ती आली की मशीन तिथे अडखळतं. तो काठ गोटाला वापरा. आईच्या लुगड्याचा काठ क्विल्टच्या चारी बाजूंना दिसला तर याहून चांगला गोट मला सुचत नाही.

पन्ह्याचं गणित करू. क्विल्ट 60 बाय 90, आणि वॅडिंग चारी बाजूंना 4 इंच जास्त हवं, म्हणजे 68 बाय 98. कमी ठेवू नका. शिवता शिवता वॅडिंग आत ओढलं जातं, आणि शेवटी एका कोपऱ्यात अर्धा इंच कमी पडलं की सगळ्या मेहनतीवर पाणी.

तुमच्या वॅडिंगचा पन्हा 60. आडवं लावायचं म्हटलं तर 68 इंचांचे दोन तुकडे, म्हणजे 136 इंच घ्यावं लागेल, जोड मधोमध येईल आणि घट्ट दिशा रुंदीला जाईल. नको. उभं लावा: 98 इंचांचा एक अख्खा तुकडा, आणि बाजूला जोडायला पट्टी. पट्टी 8 इंचांची हवी, जोडताना थोडं वाया जातं म्हणून 10 इंचांची धरा. ती 98 इंच लांब एकसंध कापायची गरज नाही. 35 इंच आणखी घेतलंत तर त्यातून 10 इंचांच्या तीन पट्ट्या निघतात, तिन्हींवर बाण त्याच दिशेला, आणि टोकाला टोक जोडून 98 इंच होतात. एकूण 133 इंच, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं आत. आडव्यापेक्षा कमीच लागलं आणि दिशाही बरोबर राहिली.

सगळी पट्टी एकाच बाजूला जोडा. दोन्हीकडे चार-चार इंच वाटायला जाऊ नका. वाटलीत तर जोड नेमका क्विल्टच्या कडेवर, गोटाच्या खाली येईल, आणि तिथे हाताची ओढाताण सगळ्यात जास्त असते. एकाच बाजूला लावलीत तर जोड कडेपासून 4 इंच आत येतो आणि शिलाईत बांधला जातो.

जोडताना दोन तुकडे एकमेकांवर चढवून शिवायचे नाहीत, तिथे वरंबा उठतो. दोन्हींच्या कडा दोनेक इंच एकमेकींवर ठेवा, दोन्ही थरांतून एकदमच हलकी नागमोडी रेघ कापा, सुटलेले कापटे काढून टाका आणि कडा एकमेकींना फक्त भिडवा. मग हातानं, सैल, तिरके टाके घाला. दोरा ओढू नका, कडा भिडलेल्या राहतील इतकंच. नागमोडी यासाठी की सरळ जोड वापरून वापरून दुमडीची रेघ होतो. आणि इथेच लोकांचं तोंड चुकतं: पट्टी फिरवून लावली की एका भागात खळगे वर, दुसऱ्यात दाणे वर. म्हणून बाण नेहमी एकाच तोंडावर काढा. खळग्यांच्या बाजूवर बाण काढलात की बाण दिसतोय म्हणजे तोंड बरोबर, आणि बाणाची दिशा म्हणजे घट्ट दिशा. एका खुणेत दोन्ही कामं होतात.

कापसाच्या वॅडिंगचं आकसणं आधी मोजून घ्या, अंदाजावर सोडू नका. सहसा 3 ते 5 टक्के आकसतं. तुमच्या 90 इंचांत 3 टक्के म्हणजे पावणेतीन इंच, 5 टक्के म्हणजे साडेचार इंच. मुलीच्या पलंगावर पायाकडे साडेचार इंच कमी पडलं तर दिसतं. 10 बाय 10 इंचांचा तुकडा कापा, बाण काढा, त्याला दोन्ही बाजूंनी तुमच्या खऱ्या कापडाचे तुकडे लावून तीन-तीन इंचांवर शिवा. मग घरात रोज कपडे धुता तसाच धुवा, वाळवा, आणि दोन्ही दिशांना मोजा. नुसतं वॅडिंग धुतलंत तर हातात लगदा येईल, कापडात शिवूनच धुवा. वरची कापडं न धुता वापरली असतील तर सगळं मिळून आकसेल आणि जुन्या गोधडीसारखी बारीक चुणी येईल. काहींना ती आवडते, मलाही आवडते. पण गडद निळ्याचा रंग पांढऱ्यावर उतरतो का, हे बघण्यासाठी तरी तो आधी धुवाच.

गोधडीचं नाव निघालं म्हणून सांगते. घरच्या गोधडीत तोंडाचा हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण तिच्या पोटात जुनी लुगडी, धोतरं असतात, पिंजलेला थर नसतो. विणलेलं कापड असे तंतू सोडत नाही, आणि वॅडिंगसारखं ताणून सरकतही नाही. म्हणून गोधडी कडेपासून आत, चौकोनात चौकोन करत शिवता येते. वॅडिंगचं क्विल्ट तसं शिवायला गेलात तर सगळा ढिलेपणा मध्यावर जमा होतो आणि तिथे फुगा येतो. वॅडिंग असेल तर मध्यापासून बाहेर शिवा. पहिल्या दोन-तीन शिलाया घट्ट दिशेला, म्हणजे लांबीला घाला, त्या क्विल्ट धरून ठेवतात. मग आडव्या. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय, असेल तर वापरा, नसेल तर मशीनच्या पायाचा दाब कमी करा.

पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला सुटा कापूस घालणार असाल तर त्याचं तंत्र आणखी निराळं. मशीनवर पिंजलेल्या कापसाचा पापुद्रा एका दिशेला सहज फाटतो, दुसऱ्या दिशेला धरून राहतो. पातळ पापुद्रे काढा आणि एक उभा, एक आडवा असे रचत जा, प्लायवूडमधल्या थरांसारखे. मग कुठल्याच दिशेला पातळ पट्टा राहत नाही. पण अशा कापसाला दर दोन इंचांना टाका हवाच, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोळे होतात. सुया मारलेल्या वॅडिंगच्या पाकिटावर टाक्यांतलं अंतर किती चालेल ते छापलेलं असतं. जाळीवाल्याला काही कंपन्या 8 ते 10 इंचसुद्धा चालेल म्हणतात. मी तेवढं सोडत नाही. मुंबईत क्विल्ट वर्षातून अनेकदा धुतलं जातं, 4 इंचांच्या आत राहा.

मांडायची तयारी. घडी घातलेलं वॅडिंग आणल्या आणल्या वापरू नका. घड्यांच्या जागी ते दबलेलं असतं आणि तिथलं माप खोटं येतं. रात्रभर पलंगावर पसरून ठेवा. घड्या राहिल्याच तर इस्त्रीची वाफ वरून सोडा, इस्त्री टेकवू नका. पॉलिएस्टर असेल तर इस्त्री जवळही नेऊ नका, वितळतं.

मग हॉलमधलं टेबल बाजूला करा, पंखा बंद करा. अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीनं फरशीला लावा, ताठ पण ताणून नाही. नव्या इमारतींत फरशा बहुधा दोन बाय दोन फुटांच्या असतात, त्यांच्या सांध्यांच्या रेघा इथे फार कामाला येतात. अस्तराची मधली रेघ एका सांध्यावर आणा, आणि वॅडिंगवरचा बाण त्याच सांध्याला समांतर आहे का ते बघा. दोन हातांचे तळवे मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवा, वॅडिंग ओढू नका. ओढून बसवलेलं वॅडिंग टाचताना सपाट दिसतं आणि टाचण्या काढल्यावर परत आकसतं, मग वरच्या कापडाला चुण्या पडतात. ताणणाऱ्या दिशेला, म्हणजे तुमच्या 60 इंचांच्या बाजूला, हे जास्त जपायचं. वर निळं-पांढरं कापड ठेवा आणि मध्यापासून दर चार बोटांवर सेफ्टी पिन लावत बाहेर या. जागा कमी असेल तर हेच काम जेवणाच्या टेबलावर तीन भागांत करता येतं. कडा क्लिपांनी टेबलाला धरायच्या आणि एक भाग झाला की पुढे सरकवायचा. मग बाण तपासायला टेबलाची कड.

धुतल्यावर वाळवतानाही हीच दिशा लक्षात ठेवा. ओलं सुती क्विल्ट खूप जड होतं. ते छताच्या एकाच दांडीवर अर्धं-अर्धं टाकलं तर मध्यावर ओढ बसते. दोन-तीन दांड्यांवर पसरून टाका, आणि लांबीची घट्ट बाजू खाली लोंबेल असं टाका, म्हणजे वजन त्या दिशेवर येतं जी ते पेलू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये कापसाचं क्विल्ट धुवायला काढू नका. चार दिवस दमट राहिलं की वास धरतं आणि तो वास वॅडिंगमधून निघत नाही. पहिलं धुणं ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवा.

तुमच्या मैत्रिणीच्या टाचलेल्या क्विल्टबद्दल. उसवण्याआधी तिनं कडेला उरलेल्या वॅडिंगवर तेच वरचं कापड आणि तेच अस्तर ठेवावं. थर जसे क्विल्टमध्ये लागलेत तसेच, आणि त्याच सुईनं दहा-बारा इंच शिवून घ्यावं. मग काळं किंवा गडद कापड त्या शिलाईवर जोरानं घासावं. काळ्यावर पांढरी लव आली नाही आणि टाक्यांच्या भोकांतून तंतू डोकावत नसतील, तर तोंड उलटं असलं तरी पुढे शिवून टाकावं. वरचं कापड फिकं असेल तर ही परीक्षाही करू नये. दिशा उलटी लागली असेल, क्विल्ट पांघरायचं असेल आणि टाके तीन-चार इंचांच्या आत असतील, तरीही उसवू नये. जवळजवळचे टाके ताणणाऱ्या दिशेला बांधून ठेवतात. पण ते भिंतीवर लावायचं असेल, किंवा गडद कापडावर लव आलीच, तर आताच पिना काढाव्यात. तीन थर अजून सुटे आहेत, वॅडिंग फिरवून परत टाचायला एक दुपार पुरते. शिवून झाल्यावर तेच काम करायला सगळा दोरा उसवावा लागतो, आणि उसवलेल्या भोकांतून तंतू निघायला आणखी वाट मिळते.

तुमच्याकडे अजून काहीच टाचलेलं नाही. तेव्हा आधी 10 इंचांचा तो तुकडा शिवा, धुवा, मोजा. दोन्ही दिशांची मापं आणि वॅडिंगवर काय छापलंय ते मला कळवा, म्हणजे 98 इंच पुरतील की आणखी दोन इंच वाढवायचे ते सांगते.